डाग समोरूनच हवेत

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त अर्धाच घातला आहे, उरलेला भेटीत वसूल करावा.) तुमची साखर आटोक्यात असेल, वहिनींची मान आता दोन्ही बाजूंना वळत असेल आणि सूनबाई सुखात असेल, अशी आशा करतो. सूनबाईची चौकशी मुद्दाम केली आहे, कारण पुढचं सगळं पत्र तिच्या वडिलांविषयी आहे. वहिनींना खुशाल वाचून दाखवा, पण जरा हळू आवाजात.

आमचा पेंटबॉलचा संघ तुम्हाला ठाऊक आहेच. (वहिनी त्याला म्हातारचळ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.) दर रविवारी सकाळी आम्ही काही पोक्त माणसं बंद पडलेल्या वीटभट्टीत जातो, तोंडावर मुखवटे चढवतो आणि दुसऱ्या काही पोक्त माणसांवर रंगाच्या गोळ्या झाडतो. भट्टीच्या धुराड्यापाशी एक झेंडा असतो, तो जो संघ काढेल तो जिंकला. गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच हात वर करून ‘लागली!’ म्हणायचं आणि मैदान सोडायचं. कुणी पाहिलं नसलं तरी म्हणायचं. आठवड्यातून तेवढी एकच वेळ मी खरं बोलतो, म्हणून हा खेळ मला आवडतो. एरवी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ‘ही फ्रेम तुम्हाला काय शोभते!’ म्हणत असतो. चष्मेवाल्याचा धंदाच तसा.

संघ मुळात आम्हा दोघांचा. मी आणि शेजारच्या दुकानातला घड्याळजी. जन्मभर भिंगातून बारीक चाकं बघून त्याची जवळची नजर सुईसारखी झाली आहे आणि लांबची जवळजवळ गेली आहे. त्याचा नंबर मीच काढलेला आहे. त्या नंबराच्या माणसाला लांबचं झाड आणि लांबचा सासरा सारखेच. मुखवट्याखाली चष्मा घालत नाही, वाफ धरते म्हणतो. त्यामुळे इतक्या वर्षांत त्याची एकही गोळी कुणाला लागलेली नाही. पण लपावं ते त्यानेच. मळकट सदरा घालून विटांच्या ढिगाशेजारी बसला की त्याची वीट व्हायची. एकदा त्याच्यावर बसून शत्रूपक्षाच्या एका माणसाने बुटाची नाडी बांधली होती.

तर तुमच्याकडे जेवताना, गोळ्या महागल्या असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तुम्ही म्हणालात, “अरे, माझे व्याही आहेत ना! स्पॉन्सर करतील. घरचाच माणूस.” घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण ज्याने पाडली त्याने कुठला तरी हौशी संघ नक्की चालवला असणार.

व्याह्यांची लाँड्री आहे, हे मला माहीत होतं. लाँड्रीवाल्याला रंग लागलेली माणसं कशाला हवी असतात, हा विचार मात्र सुचला नाही. ज्या खेळात न दिसणं हेच सगळं कौशल्य, त्या खेळात त्यांनी आम्हाला नखशिखांत पांढरं केलं. छातीवर लाल अक्षरांत लाँड्रीचं नाव, खाली ‘डाग आणा, डाग विसरा’. आमच्या संघातले दातांचे डॉक्टर अंगाने भरलेले आहेत. ते झुडपामागे बसले की झुडपामागे फ्रिज ठेवल्यासारखं दिसतं. पहिल्या सामन्यात आम्ही जेमतेम मुखवट्याचे पट्टे आवळेपर्यंत टिकलो. व्याही कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपला माणूस पडला की टाळ्या वाजवणारा पाठीराखा मी प्रथमच पाहिला.

बरं, शर्ट लगेच धुवायचे नाहीत. आधी ते बुधवारपर्यंत लाँड्रीच्या काचेत टांगायचे, प्रत्येकाखाली मालकाचा धंदा लिहून, मग धुऊन पुन्हा शनिवारपर्यंत टांगायचे. माझ्या शर्टावरचे सगळे डाग पाठीवर. लोक चष्मा न्यायला येतात आणि विचारतात, “पळत होतात का हो?” मी म्हणतो, जागा बदलत होतो. पण व्याह्यांनाही ते खटकलं. “पाठीवरच्या डागांनी दुकानाची शोभा जाते. डाग समोरूनच हवेत, नावाच्या जरा खाली.” शत्रूला इतकं नेमकं मारता आलं असतं तर तो आमच्याशी कशाला खेळला असता?

आणि मग, दादा, आम्ही जिंकलो. इथून पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे एकेक करून बाद झालो. समोरच्यांना वाटलं आटोपलं. मुखवटे काढून ते पाणी पीत बसले. तेवढ्यात कोळशाच्या कोपऱ्यातलं एक गोणपाट उठलं आणि चालत चालत धुराड्यापाशी गेलं. घड्याळजीने ते गोणपाट पहिल्या शिट्टीलाच अंगावर ओढून घेतलं होतं. त्याने झेंडा काढला, डोळ्यांजवळ धरून झेंडाच असल्याची खात्री करून घेतली, आणि असा हसला की मला त्याचे सगळे दात मोजता आले. आमचा पहिला विजय. दातांच्या डॉक्टरांना रडू फुटलं.

व्याही जवळ आले. त्यांनी गोणपाट बाजूला सारलं. शर्ट कोरा. “हे काय? आणि नाव झाकून खेळलात? याचं मी काचेत काय टांगू?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कॅप्टन, द्या दोन ठेवून यांना. समोरून.” मी हसलो. व्याही काही बोलले की आपण हसतो, आपल्या घराण्याची रीतच आहे. माझं हसणं त्यांनी होकार धरला, डॉक्टरांच्या हातातली बंदूक घेतली आणि हातभर अंतरावरून घड्याळजीच्या छातीवर गोळ्या झाडल्या. फोटोही काढला.

घड्याळजीने झेंडा खाली ठेवला. हात वर केला. “लागली,” म्हणाला, आणि नियमाप्रमाणे मैदानाबाहेर गेला. तो परत आला नाही.

तो शर्ट काचेत आहे. फोटोखाली ‘हट्टी डागही जातात’ असं लिहिलंय. मी परवा चांगलं चालणारं घड्याळ घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्याने डोळ्यावरचं भिंग न काढता ते कानाला लावलं.

“याला काही झालेलं नाही.”

“मागे पडतंय रे जरा.”

“घड्याळाला काही झालेलं नाही,” तो म्हणाला आणि ते माझ्यापुढे सरकवलं.

आमच्या दुकानांमध्ये एकच भिंत आहे. पूर्वी चहा आला की तो त्या भिंतीवर टकटक करायचा. आता मी चहा थंड करून पितो.

असो. सगळ्यांना यथायोग्य सांगावे.

तुमचा धाकटा भाऊ

ता. क. मूळ मुद्दा राहिला. हंगाम संपेपर्यंत मला तोंड उघडता येत नाही, कारण मी काही बोललो तर सूनबाईच्या माहेरी कपबशा आपटतील आणि आवाज तुमच्या घरात येईल. तुम्हीच व्याह्यांना गोडीत सांगून आमची सुटका करा. भीक नको पण कुत्रा आवर, याला गोडीत काय म्हणतात ते वहिनींना सुचेल. आम्ही पूर्वीसारखे मळके बरे होतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना दातांचे डॉक्टर आले होते. घड्याळजी समोरच्या संघात गेला आहे. त्यांना स्पॉन्सर नाही, जुने कपडे चालतात. येत्या रविवारी सामना त्यांच्याशीच आहे.

शेवटचा ता. क. दादा, व्याह्यांशी अजून काही बोलू नका. एवढा रविवार मला पांढराच राहू द्या. मळक्या कपड्यांत मी त्याला दिसणार नाही. त्याचा नंबर मला माहीत आहे. मी धुराड्यापाशी उघड्यावर, त्याच्याकडे तोंड करून उभा राहणार आहे. किती वेळ लागेल ते त्याच्या नेमावर आहे. व्याह्यांना नंतर एवढंच सांगा, की तो शर्ट धुवायला मिळणार नाही.