आईंच्या खोलीतला समुद्र

४ फेब्रुवारी

ठरलं. टाकी परत लावायची. खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची, पहिल्यासारखी! मुलगी रांगायला लागली तेव्हा मोडली होती, आता ती शिकायला परगावी गेली. हे म्हणाले, "मुलीच्या जागी मासे आणतेयस. माझ्या जागी काय आणणार, ते आधीच सांगून ठेव." लक्ष दिलं नाही.

अडचण जागेची. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, दिवसभर कापडाचे तंतू उडतात. वरच्या मजल्यावर एवढं वजन नको, असं मिस्त्रीने बजावलंय. राहिली मागची खोली. ती सासूबाईंची.

५ फेब्रुवारी

आईंना विचारलं. बशीतला चहा आधी संपवला. मग निकाल – "लाव. पण मासा आला की मी सांगेन, टाकी राहणार की जाणार. आणि मला आवाज चालायचा नाही."

हे म्हणतात, आईचं 'सांगेन' म्हणजे नाहीच समज. बघू!

९ फेब्रुवारी

दुकानात गेले आणि भांबावले. माझ्या वेळचे दिवे इस्त्रीसारखे तापायचे, पाणी कोमट होऊ नये म्हणून वर पंखा लावायचा. आता ही एवढीशी पट्टी, आणि ती चालवायची मोबाइलवरून. तिच्यात पहाट होते म्हणे. आमच्या घरात ती फुकट होते.

दुकानदाराने विचारलं, पूर्वी कुठला स्किमर होता? स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर वर ओढून कपात जमवणारं यंत्र. त्याच्याशिवाय टाकीची गटार व्हायला वेळ लागत नाही. मी नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला, पायाचं शिलाई मशीन मागितल्यासारखा. मी अजून पायाचंच चालवते, हे बोलले नाही.

१० फेब्रुवारी

पंप आणला. अगदी बिनआवाजी, असं दुकानदार शपथेवर सांगत होता. स्वयंपाकघरात बादलीत लावून बघितला. शेजारी उभी राहूनही मला काही ऐकू येईना. खूश झाले. तेवढ्यात मागच्या खोलीतून – "भुंगा शिरलाय का गं घरात?"

कान आहेत की काय!

१४ फेब्रुवारी

दुसरा पंप. हा महाग, आणि खरंच मुका. तरी भीती होतीच, म्हणून खाली कोटाच्या खांद्यात घालायचे स्पंजचे पॅड ठेवले. आई बराच वेळ कान देऊन बसल्या. "गेला भुंगा." जिंकले. दुकानदाराला पॅडची युक्ती सांगितली तर तो म्हणाला, मला पण चार द्या.

२० फेब्रुवारी

लाज आणली आज.

टाकीखालचं कपाट सुताराने आणून बसवलं. वर टाकी चढवली, आत स्किमर सरकवला. असा चपखल बसला की मी टाळीच वाजवली. मग कप काढायला गेले. कप वरच्या बाजूला उचलूनच निघतो. आणि वर जागाच नाही! सुतार शांतपणे म्हणाला, "ताई, माप तुमचंच होतं." जन्मभर लोकांच्या कपड्यांना शिवणीत माया सोडत आले, आणि स्वतःच्या कपाटात बोटभर सोडता आली नाही. हे हसून हसून खोकले. बरं झालं.

२१ फेब्रुवारी

दुकानदाराने बुटका स्किमर बदलून दिला. तोही हसला.

२६ फेब्रुवारी

खारं पाणी भरलं, दगड रचले. मासा एवढ्यात नाही. पाणी मुरायला हवं, तोवर नुसते दगड बघायचे.

दिव्यावरून आईंशी जुंपली. "किती मंद लावलायस." वाढवला. "अजून." अहो आई, दुकानदाराने बजावलंय, आतापासून एवढा उजेड दिला तर शेवाळ माजेल. "माजू दे. मला अंधारात बसवू नकोस." पट्टी पूर्ण लावली. माझे डोळे दिपले. या मुद्दाम करतात! आवाजात खोट सापडली नाही, म्हणून आता उजेडात शोधतायत.

३ मार्च

शेवाळ माजलं. पुढची काच हिरवीगार. आईंची चक्क तक्रार नाही.

८ मार्च

एका फ्रॉकची तुरपाई आईंकडे दिली होती. चार दिवसांनी तशीच परत. बोटं दुखतात म्हणे. पूर्वी माझ्या हातातून ओढून घ्यायच्या, "तुझे टाके म्हणजे उंटाच्या उड्या" म्हणून. आता खुर्ची टाकीसमोर ओढून तासन्‌तास बसतात. मी म्हटलं, "दगड बघून कंटाळा नाही येत?" म्हणाल्या, "पाणी पडतंय ते बरं वाटतं." म्हणजे आवाज चालतो तर!

मला ही टाकी फार हवी आहे. हे यांच्यापाशी बोलले तर चेष्टा करतील. मुलगी गेल्यापासून संध्याकाळी मशीन थांबलं की घरात काय करावं ते सुचत नाही. आई नाही म्हणाल्या तर मी मोठ्याने रडेन, आणि कारण विचारलं तर सांगता यायचं नाही.

१५ मार्च

काच घासली. पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक. उद्या मासा! याच नादात एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. बाई भली आहे, पण तिला हात दोन बाजूंना आहेत.

१६ मार्च

मासा आणला. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. आल्या आल्या टाकीत सोडायचा नसतो, त्याच्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळायचं असतं. म्हणून त्याची बादली स्वयंपाकघरात ठेवली, आणि तांब्याभर पाणी काढायला आईंच्या खोलीत गेले. त्या खुर्चीत, तोंड टाकीकडे. मी तांब्या बुडवला तशा हसल्या.

"सोडलास ना गं? दिसतोय मला. काय सुरेख पळतोय इकडून तिकडे. राहू दे हो तुझी टाकी."

मी "बरं आई" म्हटलं. टाकीत दगडांशिवाय काही नव्हतं.