नेल बांधलेलीच होती

नॅन्टवेल, श्रॉपशर
सोमवार, २७ फेब्रुवारी १९८४

प्रिय रेज,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मॉरीनचा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं. मुलींना माझी आठवण सांग. इथे अजून जमीन दगडासारखी गोठलेली आहे. माझा गुडघा सकाळी तासभर ऐकत नाही, मग हळूहळू चालायला लागतो. पोस्टातून निवृत्त झालो हे त्याला अजून कळलेलं नाही. पाचच्या ठोक्याला दुखून उठवतोच.

तू विचारलंस की ईस्टरला ऑफिसातल्या दोन मित्रांना घेऊन पुन्हा पारव्यांच्या शिकारीला येऊ का. नको. टॉम गिटिन्सने त्याच्या जमिनीवर बंदूक घेऊन फिरायची मुभा मला दिली आहे, माझ्या गणगोताला नाही. तुला आणायच्या आधीही मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तुझा भाऊ ना? मग तुझ्या भरवशावर." तुझ्या मित्रांचा भरवसा मी कुठून देऊ?

आणि विषय निघालाच आहे तर लिहितो. तू गाडी कोवळ्या गव्हाच्या कडेवर लावलीस. मी सांगितल्यावर हसलास, "चार पानं चिरडली तर काय होतंय?" ती चाकोरी अजून दिसते. काडतुसांच्या पुंगळ्या तू जिथे उडवल्यास तिथेच टाकल्यास. दुसऱ्या दिवशी मी जाऊन एकोणीस वेचल्या. गाय असलं काहीही चघळते. वरच्या रानाचं फाटक तू बंद केलंस, कारण तुला वाटलं की फाटक म्हटलं की बंद करायचं. ते गुरांना पाण्यावर जाता यावं म्हणून उघडं ठेवलेलं होतं. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, हे मी तुला गाडीत दोनदा सांगितलं होतं. सव्वीस वर्षं मी त्या शेतावर जातोय. जाताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायचं, कुठल्या बाजूला आहे. परतताना दोन पारवे टॉमच्या बायकोच्या, ग्वेनच्या हातात द्यायचे, चहा घ्यायचा, निघायचं. एवढंच आहे ते. पण एवढंच असतं म्हणूनच ते मोडायला वेळ लागत नाही.

त्या शनिवारी जे झालं त्याबद्दल टॉमला काही कळलेलं नाही. तुला पत्रात तेच विचारायचं होतं आणि तू विचारलं नाहीस, म्हणून लिहितो. प्रकरण मिटलं. कसं मिटलं ते विचारू नकोस. गेल्या गुरुवारी मला वेगळ्याच कामाला तिकडे जावं लागलं. परतल्यापासून बंदूक कपाटात आहे.

तुझे हातमोजे पार्सलने पाठवले आहेत.

तुझा,
एडविन


नॅन्टवेल
रविवार, २५ मार्च १९८४

रेज,

तुझं उत्तर मिळालं. ड्यूक आता शिट्टीवर जागच्या जागी बसतो, असं लिहिलंस. शिकवायला माणूस ठेवलास, तो म्हणाला की असा हुशार लॅब्रॅडॉर त्याने फार दिवसांत पाहिला नाही. "आता मेंढ्यांमधून नेला तरी ढुंकून बघणार नाही," हे तुझंच वाक्य आहे. मी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि तासभर अंगणात फेऱ्या मारल्या. मागच्या वेळी जे लिहिलं नाही ते आज लिहितो. तू पूर्ण वाच. अर्ध्यात ठेवून मॉरीनला "एडविन म्हातारा झाला" असं सांगू नकोस.

त्या शनिवारी लार्चच्या झाडीत पारवे उतरायला लागले होते. मी तुला म्हणालो होतो, खाली भिंतीपलीकडे टॉमच्या गाभण मेंढ्या आहेत, कुत्रा दोरीतून सोडू नकोस. तुझा पारवा भिंतीपलीकडे पडला आणि तू दोरी सोडलीस. पुढचं तुला आठवत असेल. तू धावताना पडलास म्हणून तुला शेवट दिसला नाही. मला दिसला. साठ मेंढ्या एका दमात उताराने ओढ्याकडे गेल्या, आणि पुढच्या मेंढ्या काठच्या तारेच्या कुंपणाला अडकल्या तशा मागच्या त्यांच्यावर कोसळल्या. ड्यूकला मी मानगुटीला धरून बाहेर काढला. त्याच्या तोंडात लोकर होती. त्याला वाटत होतं, खेळ झाला.

तू म्हणालास, "कुणी पाहिलं नाही. चल."

आणि मी चललो. हे मी तुझ्या माथी मारत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी ग्वेनच्या दारात न थांबता परतलो. तेव्हाच गेलो असतो तर खालच्या काही मेंढ्या ओढून तरी काढता आल्या असत्या. चार तिथेच गेल्या, रेज. आठवडाभरात आणखी सात गाभडल्या.

रविवारी सकाळी टॉमचा फोन आला.

"एडविन, काल तुम्ही किती वाजता निघालात?"

मी म्हणालो, "उजेड होता तोवरच."

"जाताना एखादा मोकळा कुत्रा दिसला का रे? माझ्या मेंढ्यांची पार वाताहत केलीय कुणीतरी."

तिथे मी बोलायला हवं होतं. तो वाट बघत होता, कारण माझ्यावर विसंबून होता. मी म्हणालो, "दिसला नाही. पण सरकारी झाडीच्या बाजूने भुंकण्याचा आवाज आला खरा."

दुसरी कुठलीही दिशा सांगितली असती तरी चाललं असतं. तोंडात तीच आली. त्या बाजूला एकच घर आहे, आयव्हर प्रीसचं. तू त्याला पाहिलं आहेस. वाटेवर काटेरी झुडपांचं कुंपण विणत होता तो म्हातारा, तू गाडीतून विचारलंस, "हा अजून हाताने करतो?" बायको गेल्यापासून तो आणि त्याची कुत्री नेल, दोघंच. नेल काळी, ड्यूकपेक्षा थोडी लहान. दोन वर्षांपूर्वी एकदा ती टॉमच्या रानात सापडली होती. मेंढ्यांना काही केलं नव्हतं, नुसती बसली होती. पण टॉमच्या ते लक्षात राहिलं होतं.

टॉम सोमवारी आयव्हरच्या दारात गेला. आयव्हर म्हणाला, "नेल बांधलेलीच होती."

टॉम म्हणाला, "एडविनने आवाज ऐकलाय."

बस. एवढ्यावर संपलं. माझं नाव निघाल्यावर आयव्हरने दुसरं काही विचारलं नाही. मी वीस वर्षं त्याच्या दारात पत्रं टाकली. मी खोटं बोलेन हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने जाऊन दोरी पाहिली, आणि तिची गाठ सैल आहे असं त्याला वाटलं. आसपासच्या सगळ्या शेतांवर त्याची कामं असतात. मेंढ्या मारणारी कुत्री पाळणाऱ्याला कोण कामावर बोलावणार? त्याने टॉमला सांगितलं, "तिला ठेवत नाही."

टॉम म्हणाला, गोळी मी घालतो. आयव्हर म्हणाला, तुझ्या हातून नको. गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर ती जन्मात गाडीत बसलेली नाही, भिऊन थरथरेल. मग बुधवारी टॉमचा मला फोन आला. "एडविन, कसं सांगू. आयव्हर म्हणतो, पोस्टमनला विचार. ती त्याला ओळखते."

ओळखत होतीच. फेरीवर असताना माझ्या खिशात तिच्यासाठी बिस्किट असायचं.

मी नाही म्हणू शकलो असतो. फोनवर तेव्हा खरं सांगू शकलो असतो. सबंध रात्र हातात होती. मी गेलो, रेज. गुरुवारी सकाळी दहाला बंदूक घेऊन गेलो. आयव्हर घरातून बाहेर आला नाही. ती मला बघून शेपूट हलवत आली आणि माझ्या खिशाला नाक लावलं. मी तिला मागच्या बागेत नेलं. तिला काही कळलं नाही, इतकं मी नीट केलं. त्यानंतर मी आयव्हरच्या फावड्याने खड्डा खणला. जमीन गोठलेली होती, दुपार झाली. त्याने मला खिडकीतून चहाचा कप दिला आणि मी तो प्यायलो.

हे मागच्या पत्रातलं "वेगळं काम".

मला वाटलं होतं, इथे संपेल. हळूहळू निवेल. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात टॉम घरी आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "मी ठरवलंय. बाकी सगळ्या बंदूकवाल्यांना बंद. कोण कसा ते कळत नाही. तू तेवढा येत जा. तुला विचारायची गरज नाही, फोनही करू नकोस." मी म्हणालो, "बरं." काय म्हणणार? आणि दुसऱ्या दिवशी दारात आयव्हर. हेझलच्या लाकडाची एक काठी घेऊन आला होता. मूठ घासून गुळगुळीत केलेली. दोन आठवडे बसून केली असणार. म्हणाला, "तू ते पटकन केलंस. मला आवाज एकच आला. तुझ्या गुडघ्याला होईल."

ती काठी मी भिंतीला टेकवून ठेवली आणि तीन दिवस त्या खोलीत गेलो नाही. चौथ्या दिवशी टॉमकडे गेलो.

तो कोकरांच्या छपरात होता. एका अनाथ पिल्लाला बाटलीने दूध पाजत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने बाटली खाली ठेवली नाही. पिल्लू दूध संपवेपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिला.

मग म्हणाला, "मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"दुसऱ्यांदा केला तेव्हाही."

"हो."

"मेंढ्या गेल्या, ते ठीक आहे. कधी कोल्हा नेतो, कधी बर्फ नेतं. कुत्राही मारतो. तू त्याच दिवशी दारात आला असतास तर मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या, ग्वेनने चहा दिला असता." त्याने पिल्लाला गवतात सोडलं. "पण तू मला आयव्हरच्या दारात उभं केलंस. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी त्याला त्याच्या दारात खोटारडा ठरवलं, एडविन. तुझ्या शब्दावर."

मी भरपाईचं काही बोलायला गेलो. त्याने हात वर केला. "ग्वेन घरात आहे. तिच्यासमोर जाऊ नकोस. तिला मी सांगेन."

तिथून आयव्हरकडे गेलो. काठी बरोबर नेली होती. त्याने मला आत घेतलं, खुर्ची दिली. मी सांगत असताना तो चुलीकडे बघत होता. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ती बांधलेली होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं, मी स्वतः गाठ मारली होती. तरी तू म्हणालास म्हणून मी तिच्यावर संशय घेतला." मग म्हणाला, "चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. शेवटच्या सकाळी खायलाही दिलं नाही. शिक्षा म्हणून."

मी काठी पुढे केली. तो म्हणाला, "ती ने. दिलेली वस्तू मी परत घेत नाही. पण तू पुन्हा इथे येऊ नकोस." दार त्याने आपटलं नाही. नेहमीसारखं लावलं.

आता इथे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. आठवड्याभरात आणखी दोन शेतांवरून निरोप आले, येऊ नका म्हणून. एकाने तर दारात चिठ्ठी टाकली, सही न करता. वीस वर्षं त्याच्या घरी टपाल टाकलं, त्याचं अक्षर मला कळणार नाही असं त्याला वाटलं. दुकानात लोक बोलतात, हवेबद्दल. बंदूक मी विकायला दिली आहे. आयव्हरला मात्र कामं मिळताहेत. टॉमने स्वतः सगळीकडे फिरून सांगितलं. तेवढं एक बरं झालं, आणि तेही मी केलेलं नाही.

ड्यूकचा राग नाही. त्याला तू शिकवलं नव्हतंस, त्याने काय करावं? तुझाही राग मला वाटतो तेवढा नाही, हे मला लिहिताना जाणवतंय. दोरी तू सोडलीस. बाकीचं मी केलं, एकट्याने, पायरी पायरीने, आणि प्रत्येक पायरीवर परत फिरायला जागा होती. टॉमला मी तुझं नाव सांगितलं आहे. कुत्रा तुझा होता, हे लपवलं नाही. दोष तुझा आहे असंही म्हणालो नाही. त्याच्याकडे जायचं की नाही ते तू ठरव. मी बोलावत नाही, आणि मध्ये पडणार नाही. माझा शब्द तिथे आता चालत नाही.

आलास तर ड्यूकला आणू नकोस. वाटेवर आयव्हरचं घर लागतं, आणि हल्ली कुठलाही कुत्रा भुंकला की तो दार उघडून बाहेर येतो आणि वाटेकडे बघत उभा राहतो.

तुझा थोरला भाऊ, एवढंच अजून खरं उरलेलं,
एडविन