वर पडणारा पाऊस

४ मार्च १९३६, ब्रसेल्स

आम्हा अतिवास्तववादी चित्रकारांचं प्रदर्शन चौदा तारखेला! ‘आम्हा’त मी नाहीच म्हणा – मी कॉफी देते. आज देलकूरना तोंडावर विचारलं, माझंही एक चित्र लावाल का? मंडळाचे पुढारी ते. पाइप झटकत म्हणाले, “वहिनी, बाई म्हणजे साक्षात स्वप्न! स्वप्नाने कधी चित्र काढलंय?” सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने आर्मां. माझा नवरा.

कपबश्या विसळताना रडले. मग स्वतःचाच राग आला.

७ मार्च

पहिल्या भिंतीवर आर्मांचा ‘वर पडणारा पाऊस’ लागणार म्हणे. आर्मांचा! मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे मंडळाला द्यायला काहीच नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघरातून माझं चित्र उचललं आणि कोपऱ्यात सही ठोकली. “नवराबायकोत कसलं तुझं-माझं!” मी नेऊ दिलं. मूर्ख मी!

पण त्याने एकदा तरी विचारावं – वर कुठलं, खाली कुठलं? सही भलत्याच बाजूला केली. माझा पाऊस साधा, वरून खाली पडणारा. देलकूरनी त्याच्यावर दोन लेख लिहिले – “गुरुत्वाकर्षणाविरुद्ध बंड!” अहो, बंड कसलं? उलटं धरलंय ते!

११ मार्च

आर्मांला म्हटलं, तू सांगतोस की मी सांगू?

“तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?” मग हळूच, लाडात नाव घेत, “लीव्ह, माझी अब्रू जाईल गं.”

आणि माझं नाव गेलं, त्याचं काय?

१२ मार्च

बटाटे करपले. मुद्दाम नाही.

१४ मार्च

केलं!

दालन गच्च भरलेलं. देलकूर चित्रासमोर उभे राहून समजावत होते – हा उलटा डोंगर म्हणजे मानवजात, हा वळवळणारा साप म्हणजे वासना. मी सरळ पुढे गेले. चित्र भिंतीवरून काढलं, सुलटं केलं आणि खुर्चीवर ठेवलं. आर्मां ओरडला, “अगं, वेड लागलं का तुला?”

पाऊस खाली पडायला लागला. डोंगराचा झाला घागरा, सापाचं झालं बटाट्याचं साल. खिडकीशी पाठमोरी बसून बटाटे सोलणारी बाई – मी! आणि आर्मांची सही वर आभाळात, खाली डोकं वर पाय!

तेवढ्यात मागून आमच्या घरमालकीण मादाम पिरार, “अगंबाई! हा तर माझा नळ! फडकं बांधलेला! लीव्ह, गळतोय हे अख्ख्या गावाला दाखवायचं होतं का गं?”

काय हशा पिकला! मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग टाळ्या थांबेचनात. देलकूर नुसते पाइप चावत उभे. आर्मां टोपी घेऊन निघून गेला. वाईट वाटलं का मला? वाटलं. थोडंसं. फारच थोडं!

१६ मार्च

सकाळी देलकूर दारात. काखेत आर्मांची आणखी चार चित्रं – ज्यांच्यावर त्याचं एवढं नाव झालं, ती सगळी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडली. मी कॉफी विचारली नाही. त्यांनीही ‘वहिनी’ म्हटलं नाही, माझं पूर्ण नाव घेतलं.

“गोडलीव्ह, यांची वरची बाजू कोणती?”

मी माझी चारही चित्रं फिरवली.