घ्या त्याले शिंगावर

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा, आणि मी पोलिसांच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर. जिल्ह्यातल्या लोकांनी सोशल मीडियावर उघडपणे जे जे टाकलं ते वाचायचं, हे माझं काम. मारा, तुडवा, जाळा असले शब्द मशीनच हुडकून पुढे ठेवतं. मग हिरवं, पिवळं की धोक्याचं लाल ते आम्ही ठरवायचं. आज दिवसभर बैल. रंगवलेली शिंगं, झुली, पुरणपोळ्या. सगळं हिरवं. काम असं असावं!

२५ ऑगस्ट, सोमवार

लालमध्ये जगदेवकाका!

माझे सख्खे काका, केनवडचे. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडती म्हणायची ती त्यांनी. झडती म्हणजे टोमण्यांचं गाणं. सरपंचापासून जावयापर्यंत कोणी सुटत नाही, आणि ज्याच्यावर येते तोच जास्त हसतो — हसावंच लागतं. माझं लग्न झालं त्या वर्षी माझ्या सासऱ्यांची पार धूळधाण केली होती. यंदाची अशी —

तोरनाखाली आमच्या बैल झाले गोळा,
पांदन खाऊन साहेब झाला गोलमटोळा,
घ्या त्याले शिंगावर, तुडवा आन् घोळा!

पांदण म्हणजे शेतरस्ता, त्याचे पैसे साहेबाने खाल्ले म्हणे. व्हिडिओ काकांच्या मुलीने, सायलीने टाकला. मशीनला 'साहेब'च्या शेजारी 'तुडवा' दिसलं, झालं.

आमचे सर सांगलीकडचे. म्हणाले, "शिंगावर म्हणजे नक्की कशावर?" बैलाच्या, म्हटलं. "पण धमकी आहे ना?" गाणं आहे सर. "मग तसं लिहून द्या."

सायलीची वनरक्षक म्हणून निवड झालीय. चारित्र्य पडताळणी आता येईल. तिच्या नावापुढे लाल शेरा बसला की नोकरी गेली. कित्येक वर्षं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळालीय पोरगी.

२६ ऑगस्ट

दोन पानं लिहून दिली. झडती म्हणजे काय, कधी म्हणतात, शेवटी महादेवाला नमन कसं असतं. कोण रचतं, कोण म्हणतं, व्हिडिओ कोण काढतं. नावानिशी. काही हातचं राखलं नाही — राखलं की संशय येतो, एवढं इथे बसून कळलंय.

छान उतरलं. शाळेतल्या पोळ्याच्या निबंधापेक्षा कितीतरी बरं.

२९ ऑगस्ट

लालचं हिरवं झालं. सर खूश. "फार उपयोगी माहिती आहे ही." दुपारी दोन घास जास्त गेले. काकांना काही सांगितलं नाही. इथलं बाहेर बोलायचं नसतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

मशीनच्या यादीत नवे शब्द आलेत. झडती, तोरण, शिंगावर. माझ्याच दोन पानांतून उचललेले!

सर म्हणाले, कोणत्या गावात झडती कोण म्हणतं, तेवढं नोंदवून ठेवा. करायचं काही नाही, नुसतं माहीत असावं. आणि वर — "चारचौघांत म्हणतात ना? मग त्यात खासगी काय?"

उत्तर घरी येऊन भाजी चिरताना सुचलं. तोरणाखाली ऐकणारा समोर उभा असतो, त्याचं तोंड म्हणणाऱ्याला दिसतं. माझं तोंड काकांना कुठे दिसलं? पण हे सरांना सांगितलं तर ते काय म्हणणार, तेही माहीत आहे. यादी सुरू केली. कारंजाकडची गावं आधी घेतली, आमचा भाग शेवटी.

६ सप्टेंबर

काकांचा फोन. गावात पोलीस शिपाई येऊन गेला.

"वैजू, त्याले आपलं समदं ठावं होतं. झडती कोन रचते, पोरीनं व्हिडिओ काढला, समदं. म्या सांगाच्या आंधीच थो सांगे."

"मंग?"

"मंग काय. लिहून देल्लं, पुन्हा झडती म्हननार नाई. पोरीच्या नोकरीचं होय ना."

राहवलं नाही. म्हटलं, "काका, थे म्याच लिहून देल्लं होतं. तुमाले वाचवाले."

काका म्हणाले, "मले इचारलं असतं तं म्याच सांगतलं असतं. आमी काय लपून म्हनतो?" आणि फोन ठेवला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चूक झाली म्हणावं तर दुसरं काय करायला हवं होतं, तेही कळत नाही.

१० सप्टेंबर

सायलीची पडताळणी आली. आक्षेपार्ह काही नाही — शेरा मीच टाकला.

१५ सप्टेंबर, सोमवार

अभिनंदनाला फोन केला. उचलला तिने.

"ताई, नोकरी लागली. बाबा तोंड शिवून बसून राह्यले. कोनी झडतीचं नाव काढलं का उठून जातेत. तुयं काम लय पक्कं हाये."

तिरकं बोलली की सरळ, कळू दिलं नाही. कधी रुजू होणार विचारलं. फोन बंद झाला होता.

१९ सप्टेंबर

सायलीने मला ब्लॉक केलंय. माझ्या मोबाईलवर तिचं पान उघडत नाही. ऑफिसात उघडतं. पाहिलं. केस कापलेत तिने. चांगली दिसते.