बाबा गच्चीवर आले

प्रिय दादा,

अरे, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं! तू काच घासून बनवलेली दुर्बीण आम्ही पोरांनी शाळेच्या गच्चीवर लावली, गल्लीभर ग्रहणचष्मे वाटले. गर्दी तर अशी, की मुंगीला शिरायला जागा नाही! ज्या वेडापायी बाबांनी तुला घराबाहेर काढलं, ते बघायला चक्क बाबाही आले. "मी आपला गर्दी बघायला आलोय," म्हणाले.

आणि सूर्य पूर्ण झाकला गेला. भर दुपारी चांदण्या, काळी तबकडी, भोवती रुपेरी झळाळी! आम्ही किंचाळत होतो. बाबा माझा हात घट्ट धरून रडत होते.

"आकाश बघायला किती वेळा हाक मारली गं त्यानं मला! एकदाही गेलो नाही."

दादा, हे पत्र आता टाकत नाही. बाबा तुलाच फोन लावताहेत!

तुझी,
चिमणी