सहाव्या गाण्यातल्या चार मात्रा

प्रिय ढब्बू,

पस्तिशीच्या बाईला ढब्बू म्हणू नये, असं तू मला मागेच बजावलं आहेस. पण पत्रात मी म्हणणार. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, निदान कागदावर तरी माझी सत्ता चालू दे. जुन्या टेपा दुरुस्त करणाऱ्या तुझ्या ऑफिसने पाठवलेलं संमतिपत्र समोर टेबलावर पडलं आहे. आत्याची सही आहे, मामाची आहे, सुतारकाकांनी नेहमीप्रमाणे चौकट सोडून सही केली आहे. माझी तेवढी नाही. तू तीनदा फोन केलास आणि मी तीनदा थापा मारल्या. एकदा चष्मा सापडत नव्हता, एकदा पेन चालत नव्हतं, आणि तिसऱ्यांदा काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. सोमवारपर्यंत कागद पोचला नाही तर आमच्या बँडच्या व्हिडिओ कॅसेटची नवी आवृत्ती निघणार नाही आणि तुझी वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल, हे मला कळतं. चिडू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

पहिल्यांदा तुझ्या कामाचं कौतुक करते, आणि ते अगदी मनापासून आहे. डिस्क परवा दुपारी आली आणि आम्ही दोघं जेवणाची ताटं तशीच ठेवून समोर बसलो. नऊच्या नऊ गाणी सलग पाहिली. इतकी वर्षं आमच्या कॅसेटमध्ये आत्याचा रेनकोट मळकट हिरवा दिसायचा. तो चक्क पिवळा होता की गं! ‘मोज्याचा जोडीदार’मध्ये आम्ही चौघं एका पलंगाखालून सरपटत बाहेर येतो, तिथे मामाच्या डोक्यावर केस दिसल्यावर बाबाने डिस्क थांबवली, मागे नेली आणि पुन्हा पाहिली. लगेच मामाला फोन लावून खात्रीसुद्धा करून घेतली. ‘टोस्टरची तक्रार’मध्ये मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय. खरखर गेली, आडवे पट्टे गेले, आणि कोरसमध्ये मी किती बेसूर होते हेही आता लख्ख ऐकू येतं. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्याशी भांडायचं, ते अजून ठरायचंय.

ही कॅसेट तुला तोंडपाठ आहे. लहानपणी तापाने फणफणलीस की औषधाआधी हीच लागायची. पण ती झाली कशी, हे तुला आम्ही कधी धड सांगितलं नाही. तू विचारलंस की सगळे एकदम बोलायला लागायचो आणि शेवटी खिदळण्यातच वेळ जायचा. तर आता ऐक. आमची सरावाची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि खाली लिफ्टच्या दारावर कायमची पाटी लटकलेली असायची. तिच्यावरूनच बँडचं नाव पडलं, ‘लिफ्ट बंद आहे’. ड्रम चार जिने चढवताना सुतारकाका ज्या शिव्या द्यायचे, त्यातल्या बऱ्या बऱ्या निवडून मामाने पहिलं गाणं बांधलं. मामा कीबोर्डवर, आत्या गायला, मी बेस गिटारवर. कार्यक्रमाला आम्हाला कुणी बोलवायचं नाही, आणि बोलावलंच तर दुसऱ्यांदा नाही. तेव्हा तुझ्या बाबाचं व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचं दुकान होतं. तो म्हणाला, लोक तुमच्याकडे येत नाहीत ना, मग तुम्हीच लोकांच्या घरी जा. नऊ गाण्यांचे नऊ व्हिडिओ करू, एका कॅसेटवर घालू आणि दुकानात सिनेमांच्या रांगेत ठेवून देऊ, चुकून तरी कुणी नेईल. पुढे तसंच झालं. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून बाबा घरी एकेक प्रत काढत बसायचा, लोक ती चुकून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून देताना आमच्याकडे जरा काळजीने बघायचे.

कॅमेरा उसना होता, तोही फक्त रविवारी मिळायचा. बॅटरी म्हातारी, वीस मिनिटांत मान टाकायची. कापाकापी करायचं यंत्र आमच्यापैकी कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यामुळे गाणं सुरू झालं की संपेपर्यंत थांबायचं नाही, आणि पुन्हा करायचं नाही. मग कुणी चुकलं तर? त्यावर सुतारकाकांनी तोडगा काढला आणि तो आमचा एकुलता एक नियम झाला. कुणी चुकलं की पुढच्या कडव्यात नेमक्या त्याच जागी सगळ्यांनी तीच चूक करायची. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, हे असंच बसवलेलं असणार. का चुकलास, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. नुसतं लक्षात ठेवायचं आणि वाजवायचं. सुतारकाका सांगायचे, कपाटाचं एक दार तिरकं बसलं तर ते दुसरंही तसंच तिरकं बसवतात आणि वर गिऱ्हाईक त्यांचं कौतुक करतं. त्यांनी केलेलं आपल्या स्वयंपाकघरातलं कपाट तू पाहिलंच आहेस.

आता तुझी यादी. डिस्कबरोबर तू एकेचाळीस दुरुस्त्यांची यादी जोडली आहेस. मी चष्मा लावून (हो, सापडला) ती वाचली आणि हसून हसून माझी पुरेवाट झाली. दुसऱ्या गाण्यात आत्या शिंकते, ती शिंक तू शिताफीने काढून टाकलीस. पण पुढच्या कडव्यात आम्ही चौघं एकदम शिंकतो, ती गंमत समजून ठेवलीस. आता त्या बिचाऱ्या चौघांना एकाएकी काय झालं, देव जाणे. चौथ्या गाण्यात सुतारकाकांच्या हातून ड्रमची काठी निसटून खिडकीबाहेर गेली होती, ती तू जाऊ दिली नाहीस. मात्र पुढे मामा चप्पल, आत्या छत्री, सुतारकाका दुसरी काठी आणि मी गळ्यातला मफलर खिडकीतून भिरकावतो, ते तसंच आहे. म्हणजे आता आम्ही नुसतेच माथेफिरू दिसतो. पूर्वी शिस्तीचे माथेफिरू दिसायचो. यात तुझी काही चूक नाही, नियमच तुला माहीत नव्हता. एवढंच असतं तर मी फोनवर सांगून मोकळी झाले असते.

पण काल कामावर एक गोष्ट घडली आणि वाटलं, लिहूनच टाकावं. एका निवृत्त मुख्याध्यापिकांची वरची कवळी आमच्या लॅबमध्ये करायला आली आहे. मेणात दात बसवून मी नमुना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवला होता. सुंदर झाला होता, सगळे दात एका रेषेत. बाईंनी तो तोंडात घालून आरशात पाहिलं, काढला, आणि तरुणपणीचा एक फोटो घेऊन तडक माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. फोटोत पुढच्या दोन दातांमध्ये चांगली तांदळाच्या दाण्याएवढी फट. म्हणाल्या, बाई, दात तुम्हाला हवे ते घाला, फट तेवढी माझी मला द्या. मी मेण गरम केलं, दोन्ही दात जरासे सरकवले. पुन्हा घालून पाहताना त्यांनी आधी शीळ घालून बघितली. काय खूश झाल्या होत्या! त्या गेल्या आणि मला तुझ्या यादीतला सत्तावीस नंबर आठवला, तो काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याच्याआधी मात्र आत्याच्या वाढदिवसाचं बोलायला हवं. गेल्या महिन्यात तू तिथे सगळ्यांसमोर म्हणालीस की माझ्यामुळे आईचं वाजवणं सुटलं, निदान ही कॅसेट तरी मी तिला नीट करून परत देते. हसत हसतच म्हणालीस. आत्याने विषय बदलला, मामा केक कापायला धावला आणि मी काहीतरी पाचकळ विनोद केला. पण घरी परतताना मी वाटभर हिशेब करत राहिले. कॅसेटच्या वेष्टनावर जो महिना छापला आहे तोच तुझ्या जन्माचा, ही सांगड तू कधी घातलीस गं? दहाव्या वर्षी? पंधराव्या? एवढी वर्षं ते मनात घेऊन हिंडलीस आणि मला पत्ताही लागू दिला नाहीस. सुट्ट्यांचे दिवससुद्धा त्या टेपपाशी बसून राबलीस ते भरपाई म्हणून, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मग सही करायला हातच उचलेना. मी सही केली असती तर तुझं म्हणणं मला मान्य आहे असाच त्याचा अर्थ झाला असता.

खरं काय झालं ते सांगते. तू झाल्यावर आम्ही चांगलं दीड वर्ष वाजवत होतो. तू ड्रमच्या रिकाम्या पेटीत गाढ झोपायचीस आणि ड्रम थांबले की उठून भोकाड पसरायचीस. मग एका रविवारी सगळे जमलो, गप्पा मारत जेवलो आणि वाद्यं काढायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी कुणी वाद्यं आणलीच नाहीत. भांडण नाही, रडारड नाही, कुणाचा त्याग तर मुळीच नाही. बँड जेवायला बसला तो उठलाच नाही, असं म्हण हवं तर. वाजवण्याचा आम्हाला कंटाळा आला होता आणि एकमेकांचा आला नव्हता, इतकी साधी गोष्ट आहे. मला माझं कवळ्यांचं काम आवडतं, हेही तू कधी खरं मानत नाहीस. सकाळी लॅबमध्ये शिरल्यावर मेण वितळल्याचा वास आला की मला अजून बरं वाटतं. मी सुखात आहे गं बाई. तुझा बाबाही शेजारच्या खोलीत सुखात आहे. पाचव्या गाण्यातल्या आरशात तो कॅमेरा धरून क्षणभर दिसतो, तेवढा तुकडा त्याने सकाळपासून सात वेळा पाहिला आहे.

आता सत्तावीस नंबर. तुझ्याच शब्दांत लिहिते. ‘सहावं गाणं, घडीची खुर्ची. दुसरं कडवं, बेस गिटार चार मात्रा गायब, पहिल्या कडव्यातून भरली. तिथेच कॅमेरा हलतो, स्थिर केला. तिसरं कडवं, सगळाच आवाज चार मात्रा गायब, टेप खराब असावी, कापून जोडलं.’ ढब्बू, टेप ठणठणीत होती. मला पाचवा महिना सरत आला होता, गिटार पोटावर टेकवून वाजवत होते, आणि दुसऱ्या कडव्यात तू पहिल्यांदा लाथ मारलीस. भलतीच जोरात, आतून, थेट गिटारच्या लाकडाच्या दिशेने. माझा हात तारा सोडून पोटावर गेला. कॅमेऱ्यातून बाबाने ते पाहिलं, त्याला लगेच उमगलं आणि त्याचे हात लटपटले. बाकीच्या तिघांना काही कळलं नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त मात्रा मोजल्या, आणि तिसऱ्या कडव्यात नेमक्या त्याच जागी आत्या, मामा, सुतारकाका आणि मी, सगळे चार मात्रा गप्प झालो. तू केलेली चूक अख्ख्या बँडने वाजवली. मी हे आजवर कुणालाही सांगितलं नाही. ते आपल्या तिघांपुरतं ठेवावंसं वाटलं, आणि त्या तिघांतल्या तुलाच सांगायचं राहिलं, त्यापायी तू भलतंच समजून बसलीस. ते माझं चुकलं. माझा बँड तुझ्यामुळे सुटला नाही, तू त्यात होतीस. एवढं सांगण्यासाठी हे पत्र. त्या मात्रा काढल्या तिथे परत घाल, बाबाचे हातही हलू देत. संमतिपत्र सोबत पाठवते आहे. माझ्या जागी मी सही केली आहे, आणि तिच्याखाली पट्टीने आणखी एक रेघ ओढून ‘पाचवा वादक’ असं लिहिलं आहे. तिथे तू सही कर, आणि मगच सोमवारी तो कागद दे.

तुझीच,
आई