पर्ल, एएसपी आणि समोरचा पाट

गुरुजी, तक्रार गंभीर आहे. माझ्या कीबोर्डवरची अर्धविरामाची कळ झिजून गुळगुळीत झाली आहे. तुमचं आयुष्य ऋचेच्या शेवटी येणाऱ्या उभ्या दंडावर सुखात गेलं. मला मात्र पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत जवळजवळ दर ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो, आणि एखादा राहिला तर सर्व्हर थेट तुमच्यासारखा काही न बोलता बसून राहतो. दुकानदार म्हणतो, नवा कीबोर्ड घ्या. घेईन, पण त्यावर कोणती भाषा लिहायची हेच ठरलेलं नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा मी हल्ली काय करतो ते सांगायला हवं. सावेडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका वधूवर सूचक मंडळ चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी मंडळाची इंटरनेटवर साइट काढली. कोणी अमेरिकेत बसून उंची, शिक्षण, गोत्र भरलं की दूरच्या एका संगणकावरचा माझा प्रोग्रॅम जुळणारी स्थळं शोधतो आणि पान तयार करून पाठवतो. तो मी पर्लमध्ये लिहिला. आटोपशीर भाषा, सूत्रांसारखी. एका ओळीत मावणारं दोन ओळींत लिहायची लाज वाटावी अशी. आतली सगळी नावं मी संस्कृतात दिली. तुम्ही खूश झाला असतात, आणि दोन ठिकाणी तरी चूक काढली असतीत.

परवा बाईंचा पुण्याचा भाचा आला. तो एएसपी नावाच्या दुसऱ्या भाषेतला. त्याने माझी पानं चाळली आणि म्हणाला, "काका, हे वाचायला भटजी बोलवावा लागेल."

म्हटलं, "लग्नाचंच काम आहे. भटजी लागणारच."

बाई हसल्या नाहीत. "सर, चेष्टा पुरे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर हे कोण चालवणार?"

"कोणी नाही."

"मग सोमवारपर्यंत ठरवा. एएसपीत करा, नाहीतर ते नवं पीएचपी की काय, त्यात करा. पण दुसऱ्या कोणाला तरी कळेल असं करा."

तेव्हापासून मी गुणदोष लिहीत बसलोय. पर्ल हाताला बसलेलं. पीएचपी फुकट, चुणचुणीत, पण नगरात ते येणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एएसपी पाल्हाळिक, पण इथल्या क्लासमध्ये तेच शिकवतात, स्टँडपासून सावेडीपर्यंत पाच जण तरी सापडतील. एवढं लिहून झालं की मी मनाने पुणतांब्याला पोचतो.

तुमची ओसरी. चुलीवर तुम्हीच भाजलेल्या जाड्या भाकऱ्यांचा वास, आणि समोरासमोर मांडलेले दोन पाट. एकावर तुम्ही, दुसऱ्यावर मी, वेदपठणातला घन शिकणारा तुमचा एकुलता एक विद्यार्थी. शब्द पुढेमागे गुंफत अर्धी ऋचा तुम्ही म्हणायची, उरलेली मी. मी विचारलं होतं, दोघं कशाला? तुम्ही म्हणालात, "एकट्याला येऊन काय उपयोग? चुकलं तर अडवायला समोर कोणी नको?" कॉलेजात जातो म्हणून सांगितलं त्या सकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "जा. आजचं पुरं करून जा." एसटी चुकेल, म्हणून मी पाठ अर्धा सोडून उठलो. एसटी अर्धा तास उशिरा आली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

तुमच्या दहाव्याला आलो तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तुमी गेल्यावर बी गुरुजी दोन पाट मांडायचे. आपलं म्हनायचे, मंग गप बसायचे, तुमचं हुईस्तवर. मंग पुन्हा आपलं."

मी एएसपी घेतोय. नावंही साधी देतो: मुलगा, मुलगी, उंची. भाच्याला सांगणार आहे, रविवारी येऊन समोर बस, मी वाचतो, तू अडव. येईल तो, बाईंच्या धाकात आहे.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, टाकून जाणार कुठे. पण एक सांगतो. आज सकाळी मी दुसरा पाट मांडला आणि घन म्हणायला बसलो. माझं अर्धं नेहमी तुमच्या अर्ध्याच्या मागून यायचं. समोरून सुरुवात झाली नाही तर ते निघतच नाही. चार शब्दही आले नाहीत. प्रोग्रॅमची सोय लागेल, गुरुजी. हे मात्र माझ्यापाशीच थांबलं, आणि आता मलाही येत नाही.